'आज काय शिकलास?' 'काही नाही, खेळलो!'

बालवर्ग : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बालवर्गाने वर्षाच्या सुरुवातीला एक पत्रक दिलं. त्यात सहा अध्ययन क्षेत्रं छापली आहेत : शारीरिक विकास व आरोग्य, भाषा, गणिताची पूर्वतयारी, परिसर, स्व आणि समाज, कला. प्रत्येकाखाली पाच-सहा उद्दिष्टं. वाचून बरं वाटलं. पण मुलाला रोज विचारतो, 'आज काय शिकलास?' तर उत्तर एकच : 'काही नाही, खेळलो.' आता पत्रक खरं मानू की मुलगा?

उत्तर : दोघंही खरे आहेत. कसे ते एका नमुन्यावरून सांगते.

तीन मुलं लाकडी ठोकळ्यांचा पूल बांधताहेत. दोन उभे ठोकळे, त्यांच्यावर एक आडवा. पण आडवा पोचत नाही. एकजण म्हणतो, 'मोठा आण.' दुसरी म्हणते, 'नको, खांबच जवळ सरकव.' थोडी ओढाताण होते, एक खांब पडतो, रडारड होता होता राहते. मग तिसरा, आतापर्यंत गप्प बसलेला, दोन छोटे ठोकळे टोकाला टोक लावून मोठ्या ठोकळ्याशेजारी ठेवतो आणि जाहीर करतो, 'हे दोन म्हणजे तो एक!' पूल उभा राहतो. त्याखालून गाडी जाते, आणि ती कुठे निघाली आहे याची गोष्ट सुरू होते.

आता तुमचं पत्रक हातात घ्या. दोन छोट्यांची लांबी एका मोठ्याएवढी, हे गणित. 'जवळ', 'खालून', 'आधी हा, मग तो' हे शब्द नेमके वापरल्याशिवाय तिघांचं काम पुढे सरकत नव्हतं, ही भाषा. खांब का पडला याचा शोध तुमच्या पत्रकात 'परिसर' या नावाखाली असणार. वरचा ठोकळा हात न थरथरता ठेवणं शारीरिक विकासात. दुसरीचं ऐकून घेणं, आलेलं रडू आवरणं हे 'स्व आणि समाज'. पूल दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून कोणी टोकांना एकेक लाल ठोकळा लावला असेल, तर कलेचंही खातं भरलं. मुलाला यातलं काहीच सुटं दिसत नाही. त्याने पूल केला. म्हणून 'खेळलो'.

ठोकळे असे मापात असणं हा योगायोग नाही, बरं का. लांबीला एकास दोन, दोनास चार अशा प्रमाणातले ठोकळे न्यू यॉर्कच्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवले, आणि आजही अनेक बालवर्गांत तेच असतात. तिच्याही बऱ्याच आधी, १८३७ मध्ये, जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात फ्रीडरिश फ्रोबेल हा शिक्षणतज्ज्ञ लहान मुलांसाठी खेळसाहित्य बनवायला लागला. लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, दंडगोल आणि घन, आणि त्यानंतर आठ सारख्या छोट्या घनांत सुटणारा एक मोठा घन. मुलाने तो सोडवायचा, त्यातून खुर्ची, जिना, भिंत काय हवं ते करायचं आणि परत घन जुळवून ठेवायचा. अपूर्णांक, आकार आणि आवराआवर, सगळं त्या एका पेटीत. या उद्योगाचा प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारला १८५१ मध्ये इतका संशय आला, की नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवतात म्हणून त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीच्या बालवर्गांवर, म्हणजे बालोद्यानांवर (किंडरगार्टन), बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली, पण तोवर फ्रोबेल हयात नव्हता. खेळाकडे संशयाने बघणारे तुम्ही पहिले नाही, एवढंच सांगायचंय.

क्षेत्रं सहाच असतात असंही नाही. हाँगकाँगच्या अभ्यासक्रमात जवळपास तुमच्या पत्रकासारखीच सहा आहेत. जपानमध्ये पाच : आरोग्य, मानवी नाती, परिसर, भाषा आणि अभिव्यक्ती. गणिताला तिथे वेगळं घर नाही, ते परिसरात राहतं. इंग्लंडमध्ये सात, पण त्यातली तीन पायाची मानली आहेत : बोलणं-ऐकणं, शारीरिक विकास, आणि भावनिक-सामाजिक विकास. वाचन-लेखन आणि गणित त्यानंतर येतात. ही वाटणी मोठ्यांच्या सोयीची असते. शिक्षिकेने आठवड्याच्या शेवटी यादी समोर धरायची आणि स्वतःला विचारायचं, या आठवड्यात कोणतं क्षेत्र उपाशी राहिलं? मुलं भरपूर बोलली, चित्रं काढली, पण धावली का? यादीचा खरा उपयोग इथे आहे. तासिका पाडण्यासाठी ती नाही.

आणि मुलाला 'काय शिकलास' विचारणं सोडा. 'आज काय बांधलंस? सोबत कोण होतं? पडलं का काही?' असं विचारून बघा. उत्तर लांबेल, आणि ते लांबलेलं उत्तर हेही भाषेच्या रकान्यातलं एक उद्दिष्टच आहे.

प्रश्न : माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. शेजारची तिच्याच वयाची मुलगी 'अ' ते 'ज्ञ' लिहिते. आमची पेन्सिल मुठीत धरते आणि दोन मिनिटांत टाकून देते. तिच्या बालवर्गात लेखन घेतच नाहीत. विचारलं तर 'उद्दिष्टात नाही' म्हणतात. मी घरी रोज एक पान गिरवून घेऊ का?

उत्तर : नको.

कारण सांगते, म्हणजे शेजारीण पुढच्या वेळी वही दाखवेल तेव्हा तुम्हाला शांत राहता येईल. लिहिण्यामागे तीन वेगवेगळी कामं असतात. बोटांना बारीक वळणं काढता येणं हे एक. ध्वनी ओळखून त्याची खूण लक्षात ठेवणं हे दुसरं. आणि कोणाला तरी काहीतरी कळवायचं आहे, ही इच्छा तिसरी. गिरवण्याच्या पानात फक्त पहिलं असतं, आणि तेही हात तयार होण्याआधी.

हाताची तयारी कुठवर आली हे बघायला आकृत्या उपयोगी पडतात. तुम्ही कागदावर काढलेली आकृती मूल बघून काढतं तेव्हा साधारण क्रम असा दिसतो : तीनच्या आसपास गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढेमागे चौकोन, आणि तिरक्या रेषांचा त्रिकोण पाचच्या सुमारास किंवा थोडा नंतर. मुलामुलांत काही महिन्यांचा फरक सहज असतो. मुठीतली पेन्सिल तीन बोटांत येते तीही बहुधा साडेचार ते सहा या काळात. आता आपलं 'अ' हे अक्षर डोळ्यांसमोर आणा. दोन अर्धगोल, मधे आडवी रेघ, उभा दंड, वर शिरोरेषा. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या स्थानांवरून लावलेला आहे, तो हाताची सोय बघत नाही. त्यामुळे ज्या मुलीला अजून चौकोन जमत नाही तिला आपण पहिलंच अक्षर असलं वळणाचं देतो, आणि मग तिने पेन्सिल टाकली की 'लक्ष नाही' म्हणतो. ग, म, न, र, प यांचा घाट हाताला किती सोपा आहे ते तुम्हीच काढून बघा.

मारिया माँटेसरीने रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत १९०७ मध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हा तिने ही कामं सुटी केली होती. खरखरीत कागदाची अक्षरं मुलं दोन बोटांनी चाचपायची आणि त्यांचा आवाज म्हणायची. त्यात पेन्सिल नव्हती. पेन्सिलवरचा ताबा वेगळ्या कामातून यायचा, धातूच्या साच्यांभोवती रेघ काढून आत रेषा भरण्यातून. दोन्ही तयार झाल्यावर काही मुलं चार-साडेचार वर्षांची असतानाच आपणहून लिहायला लागली. तेव्हा चौथ्या वर्षी कोणी लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. शेजारची मुलगी हौसेने लिहीत असेल तर तिला लिहू द्या. रडून लिहीत असेल तर वहीत ते दिसत नाही.

घरी काय करायचं? हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे उतरते, म्हणून लोंबकळणं, चढणं, दोरी ओढणं यांना लेखनातून वगळू नका. भिंतीवर मोठा कागद लावून उभ्याने रंगवू द्या. माती मळणं, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे लावणं, बोथट कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापणं, बाटलीची झाकणं फिरवणं, यातलं रोज काही ना काही होऊ द्या. दुसऱ्या कामासाठी शब्दांचे खेळ : 'क'ने सुरू होणारं काय काय दिसतं, टाळ्या वाजवत 'पा-ऊ-स', 'फुल-पा-ख-रू', यमकं जुळवणं, मग ती अर्थहीन का असेनात. तिसऱ्यासाठी ती सांगेल ते तुम्ही लिहा. 'माझी खोली. आत येऊ नका,' असं तिने सांगितलं तर तसंच लिहा, तिच्यासमोर, बोट फिरवत, आणि दाराला लावा. आपलं बोलणं कागदावर बसतं आणि दुसरा माणूस ते परत काढून वाचतो, हे ज्या मुलीला कळलं तिचा पाया पक्का आहे.

लिहायला लागेल तेव्हा काही अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतील. सहा-सात वर्षांपर्यंत ते फार मुलांचं होतं. लाल पेन लांब ठेवा.

प्रश्न : नमस्कार ताई. नातू पाच वर्षांचा. एक ते शंभर न अडखळता म्हणतो, पाहुण्यांसमोर म्हणवूनही घेतो आम्ही. परवा त्याला म्हटलं, 'सात चमचे आण,' तर मूठभर घेऊन आला. मोजायला लावलं तेव्हा एका चमच्यावर दोनदा बोट ठेवून 'नऊ' म्हणाला. शंभरपर्यंत येतं आणि सात येत नाही, हे कसं?

उत्तर : आजोबा, त्याला शंभरपर्यंत अंक पाठ आहेत. मोजणं अजून चालू आहे.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची तत्त्वं मांडली, ती बालवर्गाच्या गणितात आजही वापरात आहेत. अंकांचा क्रम ठरलेला असतो, हे त्यातलं एक. तुमच्या नातवाकडे ते पक्कं आहे, आणि मराठीत ते मिळवणं हलकं काम नाही, एकोणतीस-एकोणचाळीसची वाट त्याने पार केली आहे. पण प्रत्येक वस्तूला एकच अंक आणि प्रत्येक अंकाला एकच वस्तू, ही एकास एक संगती त्याची अजून निसटते. सगळ्यात उशिरा उमगणारी गोष्ट ही, की शेवटी म्हटलेला अंक म्हणजे त्या सगळ्या वस्तू मिळून किती. ज्याला हे उमगलेलं नाही त्याला 'किती आहेत?' विचारा, तो पुन्हा एकपासून मोजायला लागतो. उमगलेला मुलगा सरळ 'सात' म्हणतो. 'मोज' सांगण्यापेक्षा 'इतके आण' सांगणं ही खरी परीक्षा. तुम्ही ती नकळत घेतलीत, आणि चांगली घेतलीत.

आता शंभर बाजूला ठेवा आणि पाचाच्या आत या. प्रत्येकाला एकेक चमचा मांडायला सांगा. कमी पडला तर 'अजून किती हवेत?' हे त्यालाच शोधू द्या. तीन बटणं क्षणभर दाखवा, हाताने झाका, 'किती होती?' विचारा. तीन-चार वस्तू मूल न मोजता ओळखतं, आणि त्या ओळखीवर पुढची बेरीज उभी राहते. पाच बटणं एका ओळीत, मग गोलात, मग पसरून मांडा. 'आता किती?' तो पुन्हा मोजत असेल तर मोजू द्या, एक दिवस हसून म्हणेल, 'पाचच ना!'

फाशाचा खेळ तर जरूर खेळा. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं, की एक ते दहा अंक सरळ ओळीत असलेल्या पटावर थोडे दिवस, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं खेळलेल्या लहान मुलांची संख्यांची समज सुधारली. त्याच खेळात अंकांऐवजी नुसते रंग होते त्या मुलांची तशी सुधारली नाही. यात एक बारीक युक्ती आहे. सोंगटी तीनवर आहे आणि दोन पडले, तर 'एक, दोन' म्हणत सरकवू नका. घरातला अंक म्हणायचा : 'चार, पाच.'

पाहुण्यांसमोर शंभर म्हणायला हरकत नाही. छान वाटतं त्यालाही.

प्रश्न : मी बालवर्गातल्या मोठ्या गटाला शिकवते. नोकरीचं दुसरं वर्ष. आमच्याकडे रोज अर्धा तास भाषा, अर्धा तास गणित, अर्धा तास परिसर असं वेळापत्रक आहे आणि टाचणवहीत प्रत्येक तासिकेचं उद्दिष्ट लिहावं लागतं. मी लिहिते : 'मुलांना पाण्याची माहिती देणे', 'मुलांमध्ये आत्मविश्वास निर्माण करणे'. तपासणीत सही मिळते. पण वर्गात गेल्यावर त्या वाक्याचं काय करायचं कळत नाही. मुलं तर पाणी सांडण्यात रमलेली असतात.

उत्तर : तुमची शंका ज्यांना कधी येतच नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

तुमच्या दोन्ही वाक्यांत मूल काहीच करत नाही. माहिती तुम्ही देणार, आत्मविश्वास तुम्ही निर्माण करणार. मूल काय करताना दिसेल ते लिहा : 'वस्तू पाण्यात टाकण्याआधी बुडेल की तरंगेल याचा अंदाज सांगतो आणि टाकून पाहतो.' 'न जमलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारे करून बघते.' हे दिसतं तरी किंवा दिसत नाही तरी, आणि दिसलं तर कोणाचं दिसलं तेही सांगता येतं. आत्मविश्वास निर्माण झाला की नाही हे तपासणाऱ्या बाईंनाही सांगता येणार नाही.

पाणी सांडण्यात रमलेत ना? मग तोच तुमचा तास. एक पसरट टब, निरनिराळ्या आकारांचे पेले, एक चाळणी, नळीचा तुकडा, स्पंज, दगड, लाकडाचा तुकडा, झाकणाची रिकामी बाटली. पहिली दहा मिनिटं तुम्ही काही बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे. मग एकच प्रश्न : 'ही बाटली बुडवता येईल का?' कोणी दाबून धरेल, सोडली की ती उसळून वर येईल, आरडाओरडा होईल. कोणाला तरी झाकण काढायचं सुचेल. बुडबुडे येतील. 'आत काय होतं मग?' इथे थांबा. 'हवा' हा शब्द त्यांच्याकडून आला तर उत्तम, नाही आला तर उद्या. उंच अरुंद पेल्यातलं पाणी बसक्या भांड्यात ओतलं की निम्म्या वर्गाला ते कमी झाल्यासारखं वाटेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने याच अनुभवावर पानंच्या पानं लिहिली. तुम्ही मुलांना दुरुस्त करायला जाऊ नका, परत ओतून बघू द्या. या वयात सांगून ते पटत नाही.

या एका टबासाठी टाचणात दोनच उद्दिष्टं धरा, एक परिसराचं आणि एक भाषेचं. बाकी क्षेत्रांतलं जे घडेल ते मागाहून नोंदवा. सहाही क्षेत्रांची उद्दिष्टं एकाच तासाखाली लिहिलेलं टाचण मी पाहिलं की समजते, हे वर्गात गेलेलंच नाही.

दिवसाची घडी बसवण्याचा एक जुना आणि तपासलेला मार्ग आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलँटी इथे १९६२ मध्ये पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं होती. त्यातल्या काहींना बालशाळा आणि दर आठवड्याला शिक्षिकेची घरभेट मिळाली, बाकीच्यांना नाही, आणि ही विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने केली होती. तिथे घडलेली रीत अशी : आज काय करणार हे मूल आधी सांगतं, मग ते करतं, आणि शेवटी काय झालं ते सांगतं. बुद्ध्यांकातला सुरुवातीचा फायदा शाळेच्या पहिल्या काही वर्षांत विरला. त्यावरून कोणी नाकं मुरडली असतील. पण त्याच मुलांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला गेला, तेव्हा बालशाळेत गेलेल्यांत शालेय शिक्षण पुरं केलेले आणि नोकरीत असलेले जास्त निघाले, आणि अटक झालेले कमी. ठरवणं, टिकणं, निस्तरणं या गोष्टी बालवर्गात कमावल्या जातात. त्या कोणत्याच अर्ध्या तासाच्या तासिकेत बसत नाहीत.

तुमच्या हातात वेळापत्रक नाही हे मला कळतं. तासिकांची नावं आहेत तशी राहू द्या. भाषा, गणित, परिसर सलग आले असतील तर त्या दीड तासात वर्गात चार कोपरे मांडा आणि मुलांना फिरू द्या. मुख्याध्यापिकांना नोंदी दाखवा. नोंद म्हणजे 'प्रगती समाधानकारक' नव्हे. नोंद अशी : 'बाटली तीनदा उसळली. चौथ्यांदा झाकण काढलं. शेजारच्याला म्हणाला, आता बघ, पाणी आत गेलं की ती जड होते.' तारीख घाला. रोज वर्गातल्या तीन-चार मुलांपेक्षा जास्त जणांच्या नोंदी करायच्या भानगडीत पडू नका, मग एकही धड होत नाही. अशा दहा नोंदी समोर ठेवल्यावर वेळापत्रकाबद्दल बोलणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. सगळीकडे जातंच असं नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. बालवर्गात इतर मुलं खेळत असतात, हा कडेला उभा राहून बघतो. कधी त्यांच्या जवळ बसून आपलं आपण काहीतरी करतो. 'स्व आणि समाज' या रकान्यात 'गटात मिसळत नाही' असा शेरा आला आहे. घरी मात्र तोंड बंद नसतं, दिवसभराची हकिगत सांगतो. काळजी करावी का?

उत्तर : 'घरी मात्र तोंड बंद नसतं' या तुमच्या वाक्याने माझी निम्मी काळजी मिटवली.

मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. एकट्याने खेळणं, कडेला उभं राहून बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि मिळून एक खेळ खेळणं अशा अवस्था त्यांनी मांडल्या. पाच वर्षांचं मूलही यातल्या कोणत्याही प्रकारात जाऊन येऊन असतं. बघणं हा रिकामा वेळ नव्हे. काही मुलं पाण्यात उतरण्याआधी खोली बघतात. मिळून खेळायचं तर 'मी डॉक्टर, तू पेशंट, पेशंटने उठायचं नाही' असले न लिहिलेले नियम पाळावे लागतात, आणि ते बाहेर उभं राहूनच चांगले कळतात.

त्याला 'जा, खेळ त्यांच्यात' म्हणून ढकलू नका. 'मी येऊ का?' विचारायलाही लावू नका, लहान मुलं त्यावर बहुतेक वेळा 'नाही' म्हणतात. त्याच्या वर्गातल्या ताईंना सांगा, त्याच्या हातात खेळाला लागणारी एखादी वस्तू द्यावी. दवाखाना चालू असेल तर पट्टी गुंडाळायचं कापड. वस्तू घेऊन आलेल्याला आत घेतात. घरी एका वेळी एकच मित्र बोलवा, तोही थोडाच वेळ.

घरीही बोलणं फार कमी असतं, हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, असं असतं तर मी तुम्हाला थांबू दिलं नसतं, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. शेरा लिहिणाऱ्यांना एवढं जरूर विचारा : कोणाकडे बघत उभा असतो? ते त्यांना सांगता आलं, तर त्यांचंही लक्ष आहे असं समजा.

प्रश्न : मुलगी सगळी चित्रं काळ्या रंगातच काढते. वाचलं होतं की हे दुःखाचं लक्षण असतं. खरं का?

उत्तर : पांढऱ्या कागदावर काळा सगळ्यात उठून दिसतो, आणि डब्यात तो बहुधा सगळ्यात कमी झिजलेला, लांबलचक असतो. खाते-पिते, झोपते, खेळते ना? मग काळा संपेपर्यंत काढू द्या. आणि 'हे काय काढलंस?' विचारू नका, 'मला सांग ना याच्याबद्दल' म्हणा. कधी कधी त्यात काहीच काढलेलं नसतं, नुसता हात फिरवलेला असतो, आणि तेही कलेच्या उद्दिष्टात बसतं.

प्रश्न : पुढच्या वर्षी मुलीला बालवर्गात घालायचं आहे. दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो. सगळीकडची माहितीपुस्तिका सारखीच : सर्वांगीण विकास, खेळातून शिक्षण, मूल्यशिक्षण. निवडायचं कशावरून?

उत्तर : पुस्तिका घरी ठेवा आणि वर्ग चालू असताना जा. नाही म्हणाले, तर ते एक उत्तर झालं.

भिंतीकडे बघा. तीस मुलांची तीस फुलपाखरं एकसारखी असतील, तर ती ताईंनी कापलेली आहेत, मुलांनी फक्त चिकटवली. फुलपाखरांत काही ओळखूही येत नसतील, तर तिथे कलेचा तास खरा आहे. साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर आहे की कपाटात कुलूपबंद, ते बघा. कुलूपातलं साहित्य पाहुण्यांसाठी असतं. पुस्तकं फाटलेली असू द्या, कोरी असतील तर विचार करा.

मग कान द्या. दहा मिनिटांत मोठ्यांचा आवाज जास्त ऐकू आला की मुलांचा? ताई मुलांशी बोलताना खाली बसतात का? मुलाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळतं, की 'हाताची घडी'?

मैदानाबद्दल नेमकं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं शारीरिक हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि बसून पडद्यासमोर घालवलेला वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा. बालवर्ग तीन तासांचा असेल, तर त्यांच्या वाट्याला यातलं किती येतं? 'शुक्रवारी खेळाचा तास असतो' हे उत्तर पुरेसं नाही. पाऊस असला की मुलं कुठे धावतात, हेही विचारा. आणि वर्गात मोठा पडदा असेल तर तो कधी लावतात?

स्वच्छतागृह स्वतः बघा. छोट्या उंचीचं, कोरडं, आणि आतून अडकून न पडता येणारं हवं. मुलगी चड्डी ओली करून आली तर काय करतात, हे अगदी सरळ विचारा, आणि ते उत्तर देत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. 'स्व आणि समाज' या क्षेत्रात त्यांना काय शिकवायचं आहे ते तिथेच कळेल.